एका बाजूचा श्वास

गेल्या महिन्यात सोनईकडचे एक गृहस्थ आमच्या घरी आले होते. त्यांच्या पुतण्याला छातीचं ऑपरेशन सांगितलं आहे. घोडेगावच्या बैलबाजारातल्या एका दलालाच्या मुलाचं तसलंच ऑपरेशन झालं, तो जिवंत आहे आणि परत कॉलेजात जातो, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. तो मुलगा मी. ते ओट्यावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "एका फुफ्फुसावर मानूस कसा काय राहतो, तेवढं सांगा." मी पुष्कळ बोललो. ते मान हलवत राहिले. पण उठताना त्यांचा चेहरा पाहिला, तेव्हा आले त्याहून जास्त गोंधळून ते परत चालले आहेत असं वाटलं.

म्हणून हे लिहून काढतो आहे. मी डॉक्टर नाही. शास्त्र शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि माझ्या छातीत जे झालं त्यातलं बरंचसं मला आजही नीट कळलेलं नाही. जे कळलं नाही, तेही तसंच लिहितो. कदाचित त्याचाच उपयोग होईल.

खोकला

लहानपणी मला डांग्या खोकला झाला होता. तो गेला, पण पुरता गेला नाही. दर सकाळी उठलं की खोकून खोकून घाण बेडका पडायचा, आणि त्याला वास यायचा. घरी त्याची सवय झाली होती. नगरला कॉलेजच्या बोर्डिंगात राहायला गेलो तेव्हा पहिल्यांदा कळलं, की तो वास इतरांना सहन होत नाही. खोलीतली मुलं चांगली होती. तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त एकेकाची कॉट खिडकीकडे सरकत गेली.

सगळ्यांना वाटलं क्षय. मीही तेच धरून चाललो. कितीतरी महिने दंडात सुया टोचून घेतल्या. सुट्टीत घरी गेलो की आई माझं ताट वेगळं ठेवायची आणि राखेनं दोनदा घासायची. त्यावर आमच्या घरात कधी बोलणं झालं नाही. मग एका तपासणीत निघालं, की क्षय नाहीच. मला आनंद व्हायला हवा होता. पण क्षय निदान सगळ्यांना माहीत होता. हे दुसरं काय होतं, त्याला आमच्याकडे नावच नव्हतं.

निदानाचा दिवस

नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात माझ्या घशातून तेलासारखं औषध आत सोडून फोटो काढला. तो फोटो उजेडावर धरून मोठे डॉक्टर बोलू लागले. ते पुण्याहून आठवड्यातून एकदा ऑपरेशनं करायला येत. ते निम्मं इंग्रजीत बोलत होते. मी "यस सर, यस सर" म्हणत होतो. शेजारी माझे वडील, अण्णा, उपरणं सावरत उभे होते. ते डॉक्टरांकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे इंग्रजीत जे काही असेल ते सगळं माझ्या वाट्याला यायचं, औषधाच्या बाटलीपासून तहसीलच्या कागदापर्यंत. कळलं नाही असं म्हणायची मला सोय नव्हती.

व्हरांड्यात आल्यावर अण्णांनी विचारलं, "काय म्हनला डाक्तर?"

मी सांगितलं, की डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग कायमचा खराब झालाय, त्यात पू साचतो, तेवढा भाग कापून काढायचा. उजवी बाजू अजून चांगली आहे. ती चांगली आहे तोवरच हे ऑपरेशन करता येतं. तीही बिघडली, तर मग कुणी हात लावणार नाही. डॉक्टरांच्या बोलण्यातलं एवढं मला पक्कं कळलं होतं.

"आन कापताना वारं कुठनं घ्यायचं?"

"एका बाजूनं. डावी बाजू बंद करतात."

अण्णा उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. जनावर पसंत पडलं तरी ते लगेच हो म्हणत नाहीत, तसे. मग म्हणाले, "बंद केल्यालं परत चालू न्हाई झालं तर?"

"होतं," मी म्हणालो.

होतं की नाही, मला माहीत नव्हतं. ते मी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं.

वॉर्डातले दिवस

ऑपरेशनच्या आधी काही दिवस मला भरती करून घेतलं. दवाखान्यातले दिवस कसे जातात ते लिहायची गरज नाही, ते सगळीकडे सारखेच असावेत. फिनेलचा वास, सकाळचा चहा, ताप मोजणं, आणि मग लांबच लांब दुपार. माझ्या शेजारच्या कॉटवर श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यातले फिटर शेखभाई होते. त्यांच्या छातीतलं पाणी काढलं होतं. मी पुस्तक उघडून बसलो की ते म्हणायचे, "काय कालिजकुमार, फुफ्फुसाचा धडा आला का न्हाई अजून?" मी खरंच प्राणिशास्त्राचं पुस्तक आणलं होतं. त्यात बेडकाचं फुफ्फुस होतं. बेडूक कातडीनंही श्वास घेतो असं लिहिलं होतं. ते वाचून मला उगाच बेडकाचा हेवा वाटला.

भूल देणाऱ्या डॉक्टर एक बाई होत्या. वॉर्डात सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. आदल्या संध्याकाळी त्या येऊन सांगून गेल्या, की रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आई त्याच दिवशी घोडेगावहून आली होती. मी तिला ते पुन्हा नीट सांगितलं. ती म्हणाली, "देत न्हाई बाबा. मी काय येडी हाय का?"

आणि तिनं दिलं नाही. सकाळी मी पाणी मागितलं तेव्हा तिनं तांब्या उचलून कॉटखाली ठेवला.

मग मला न्यायला ट्रॉली यायची वेळ झाली, तसं तिनं पिशवीतून एक झाकणाची वाटी काढली. त्यात घरचं दही होतं. तिनं त्यावर साखर घातली. माझा हात आपोआप पुढे झाला. मॅट्रिकच्या परीक्षेला, पहिल्यांदा बोर्डिंगला निघालो तेव्हा, प्रत्येक वेळी तिनं तळहातावर दही-साखर ठेवली होती आणि मी ती चाटली होती. ते खाणं नव्हतं. ते निघणं होतं. आईला तसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. हातावरचं संपल्यावर वाटीत बरंच उरलं होतं. शकुनाचं दही टाकायचं कसं, म्हणून तिनं तेही दिलं.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाईंनी शीर पाहायला माझा हात हातात घेतला आणि थांबल्या. तळहात चिकट होता.

"हे काय आहे?"

मी काही बोलायच्या आत मागून आईचा आवाज आला. ती ट्रॉलीच्या मागोमाग आली होती. "म्या दिलं. दही-साखर. शकुनाची."

"किती?"

"वाटीभर," आई म्हणाली. तिच्या आवाजात कसलीच भीती नव्हती.

बाईंनी माझा हात खाली ठेवला आणि आत गेल्या. आतून मोठ्या डॉक्टरांचं बोलणं ऐकू आलं. ते चिडलेले होते की नुसतेच घाईत होते, मला सांगता येणार नाही. ट्रॉली वळवली. त्या दिवशी माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी आत घेतलं. मोठे डॉक्टर आता पुढच्या आठवड्यात येणार होते.

व्हरांड्यात अण्णा आईला म्हणाले, "आपल्या खिलाऱ्याचं आपरेशन केलं तवा डाक्तरानं त्याची वैरन बंद ठिवली हुती. जनावरालाबी कळतं."

आई म्हणाली, "जनावराला शकून लागत न्हाई."

त्यानंतर ती दोघं एकमेकांशी बोलेनाशी झाली. जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत. "आईला म्हनावं, डबा आलाय." "अण्णांना सांग, सदरा धुतलाय." दोघंही माझ्या कॉटच्या दोन बाजूंना बसलेली असायची आणि मधे मी.

तांबडी नळी

त्याच दिवशी दुपारी बाई आल्या. त्यांच्या हातात तांबड्या रबराची एक जाड नळी होती. त्यांनी आईला मुद्दाम जवळ बोलावून बसवलं. आई बसली, पण पदराच्या आत हात घेऊन.

नळी बाहेरून एक दिसत होती, पण आत दोन वाटा होत्या. एकीचं तोंड थोडं अलीकडे संपत होतं, दुसरीचं पुढे. दोन ठिकाणी पातळ रबराचे फुगे होते. बाईंनी पिचकारीनं त्यात हवा भरून दाखवली.

मग त्यांनी मला विचारलं, "ऑपरेशनच्या वेळी तुला उजव्या कुशीवर झोपवणार. खराब बाजू वर, चांगली खाली. पू कुठे वाहील?"

"खाली."

"म्हणजे कुठे?"

"चांगल्या बाजूत," मी म्हणालो, आणि पहिल्यांदा माझ्या डोक्यात काहीतरी जुळलं. ती नळी श्वासासाठी होतीच, पण त्याहून जास्त ती दोन्ही बाजू वेगळ्या ठेवायला होती. फुगा फुगला की डावीकडचं डावीकडे. तिथे हवा जायची बंद, तिथली घाण इकडे यायची बंद. तेवढा वेळ एकट्या उजवीनं सगळा भार उचलायचा.

आईनं विचारलं, "एका बाजूनं वारं घिऊन पोरगं जगंल का?"

"जगतं. म्हणून तर ती बाजू कोरडी राहायला पाहिजे. आता बघा, भूल दिल्यावर ही नळी बसेपर्यंत घसा थोडा वेळ उघडा असतो. त्या वेळी पोटातलं दही वर आलं आणि चांगल्या बाजूत उतरलं, तर मग मी दोन वाटांची नळी घालून करू काय?"

आई बराच वेळ त्या नळीकडे पाहत होती. "मंजी म्या माज्या हातानं," एवढंच म्हणाली.

"काही झालं नाही," बाई म्हणाल्या. "कळलं, म्हणून थांबलो."

पण आईच्या दृष्टीनं झालं होतं. त्या दिवसापासून ती मला पाणी देतानासुद्धा आधी सिस्टरला विचारू लागली, देऊ का म्हणून. तिनं मला हात लावायचं सोडलं. रात्रीचं जेवणही सोडलं. मी समजावलं तर म्हणाली, "मला भूकच न्हाई." मला तिचा राग येत होता आणि दयाही येत होती, आणि दोन्हींत मी सापडलो होतो. कारण दही तर मीच चाटलं होतं. पण मला कुणी काही बोललं नाही.

बाईंच्या ते ध्यानात आलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला काम लावलं. सकाळ-संध्याकाळ मी कॉटच्या कडेवरून डोकं खाली सोडून पालथं पडायचं आणि आईनं माझ्या पाठीवर डाव्या बाजूला थापट्या मारायच्या, म्हणजे साचलेलं सगळं बाहेर पडेल. ऑपरेशनच्या दिवशी ती बाजू जितकी रिकामी तितकं बरं. आईनं भीत भीत हात उगारला.

"भाकरी थापताय का?" बाई म्हणाल्या. "हात सपाट नको. पाणी घ्यायला खोलगट करता तसा."

आई शिकली. पहिल्या दिवशी अगदी हलक्या हातानं, मग जोरानं. शेखभाई म्हणाले, "बघ कालिजकुमार, घरी मार चुकवला असशील तो सगळा इथं वसूल होतोय." आई हसली. दही दिल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

ताप

आठवडा संपायच्या आत मला ताप आला. सकाळचे डॉक्टर उजव्या बाजूवर स्टेथोस्कोप लावून ऐकत राहिले. डाव्या बाजूपेक्षा कितीतरी जास्त वेळ. ते काहीच बोलले नाहीत. ते गेल्यावर अण्णांनी विचारलं, "काय म्हनला?" काहीच म्हणाले नाहीत, हे त्यांना खरं वाटेना. मी लपवतोय असं त्यांना वाटलं.

तो दिवस सगळ्यांत वाईट होता. एक आठवडा वाट पाहण्यात उजवी बाजू गेली असेल, तर पुढे काहीच नव्हतं. आई समोर बसली होती. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं, आणि तिला काय सांगावं ते मला सुचत नव्हतं. परत फोटो काढला. उजवी बाजू स्वच्छ होती. ताप उतरला. तो कशानं आला आणि कशानं गेला, ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्यांदा

ट्रॉली आली तेव्हा शेखभाईंनी आपला टॉवेल माझ्या कॉटवर टाकला, एसटीत जागा धरतात तसा. "जा," म्हणाले, "परत येईस्तोवर कुनाला बसू देत न्हाई."

आई भिंतीला टेकून लांब उभी होती. बाईंनी माझे दोन्ही तळहात उघडून पाहिले आणि तिला विचारलं, "आई, आज काय दिलंत?"

"काय न्हाई," आई म्हणाली. "आता तुमीच काय द्यायचं ते द्या."

ज्या नळीची मी इतके दिवस धास्ती घेतली होती, ती कधी घातली आणि कधी काढली, मला पत्ता नाही. सोनईच्या गृहस्थांना हे मी सांगितलं, तर त्यांचा विश्वास बसला नाही. पण तसंच आहे. सुई टोचली, रबराचा वास आला, आणि मग एकदम घसा दुखत होता आणि संध्याकाळचं ऊन वॉर्डाच्या भिंतीवर होतं.

जाग आली तेव्हा बरगड्यांतून एक नळी निघून कॉटखालच्या बाटलीत गेलेली होती. बाटलीत बुडबुडे येत होते. डाव्या बाजूला कुणी पहार घातल्यासारखं दुखत होतं. मी डावीकडे वाकून, अंग चोरून पडलो आणि अगदी जपून, फक्त उजव्या बाजूनं श्वास घेत राहिलो. डावी बंद केलेली आहे, तिला धक्का लागला तर काहीतरी फाटेल, अशी माझी पक्की समजूत होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पाठीवर ऐकलं. पुन्हा ऐकलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"डावीकडे हवा का घेत नाहीस?"

"डावी बंद आहे ना?"

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

बाई कॉटच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, की बंद केली ती तेवढ्या वेळापुरती. खराब भाग काढून टाके घातले आणि लगेच डावीकडे हवा सोडली. उरलेला वरचा भाग फुगलेला त्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिला. नळी तर मला टेबलावरून उतरवण्याआधीच काढली होती.

बंद कशी करतात, हे मी चांगलं समजून घेतलं होतं. उघडतात कधी, हे विचारलंच नव्हतं. ज्यांना हे ऑपरेशन सांगितलं आहे, त्यांना मी एवढंच सांगेन, की विचारा. शिकलेले असाल तर दुप्पट विचारा. कारण शिकलेल्याला कळलंच असेल असं डॉक्टरही धरून चालतात.

पण बाईंना पुढचं सांगायचं होतं. डावीकडचा उरलेला भाग मी असाच दाबून ठेवला, तर तो चिकटून बसेल, भोवती पाणी साचेल, आणि कदाचित छाती पुन्हा उघडावी लागेल. तेव्हा दुखलं तरी खोल श्वास घ्यायचा, उशी छातीशी धरून खोकायचं. संध्याकाळी त्या पुन्हा येऊन ऐकणार होत्या.

ती दुपार मी विसरणार नाही. आई उशी धरायची आणि मी खोकायचो. डोळ्यांतून पाणी यायचं. मधेच मला वाटायचं, हवा डावीकडे जातेय. मधेच वाटायचं, काहीच जात नाही, नुसतं दुखतंय. आतून काही कळत नव्हतं. अण्णा कॉटभोवती फेऱ्या मारत होते. शेवटी त्यांना संध्याकाळपर्यंत दम धरवेना. ते मला म्हणाले, "आईला म्हनावं, कान लावून बग."

आई तिथेच होती. तिनं हातातली उशी ठेवली, मला हळूच पुढे झुकवलं आणि पट्टीच्या वर, डाव्या खांद्याखाली, आपला कान टेकवला. तिचा गाल गार होता.

"येतंय का?" अण्णांनी विचारलं. या वेळी मला नाही, तिला.

"थांबा की जरा," आई म्हणाली. "तुमचाच आवाज यायला लागलाय."

अण्णा गप्प झाले. शेखभाईंनी तोंडावर हात धरून खोकला दाबला. मी डोळे मिटले आणि दुखेल तितकं दुखू दिलं.

आई बराच वेळ तशीच वाकून होती.

"हाय," ती म्हणाली. "बारीक हाय. पन हाय."

अण्णा म्हणाले, "पुन्यांदा बग."

तिनं पुन्हा कान लावला, आणि मी पुन्हा श्वास घेतला.